चाचणीचे कॉल

"आग लाव तुझ्या त्या अपडेटला!" साहेबांनी हेडफोन टेबलावर आपटला. "परत चाचणीचा कॉल माणसाकडे गेला. तिकडे खरा पेशंट ताटकळतोय आणि माझी फोनवरची पोरगी तुमच्या नकली हार्ट अटॅकला धीर देत बसलीय!"

मिस्त्रीने हेडफोन उचलून जागेवर ठेवला. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. ॲम्ब्युलन्स मागवायच्या त्या कॉल सेंटरमध्ये फोन आधी यंत्र उचलायचं, आणि यंत्राच्या बोलण्याची डागडुजी याच्या गळ्यात. एक भोक बुजवावं तर शेजारी दोन पडलेली. अपडेट वरून यायचं, शिव्या मात्र खालच्याने खायच्या.

"आज पुन्हा असं झालं तर उद्यापासून घरी बस."

घरी बसून काय करणार? घरात एकट्या असलेल्या म्हाताऱ्या वडिलांकडे, आबांकडे बघत बसणार? त्यांना फोन करून जेवलात का विचारावं, तर मोबाइल दाराबाहेरच्या कपाटात कोंबलेला. नियम! आत फक्त डोकं आणायची परवानगी, तेही फोडून घ्यायला.

चाचणी घेणारी पोरगी, सगळ्यांची 'चिमणी', खुर्ची सरकवत आली. "अरे, सोपं कर ना. चाचणीचे नंबर आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचा कॉल आला की यंत्रानेच 'गाडी निघाली आहे' म्हणावं आणि कॉल केरात टाकावा. माणसापर्यंत जायलाच नको."

"त्यात कोणाकोणाचे नंबर घुसडलेत, देव जाणे."

"आपलेच रे. घरून काम चालायचं तेव्हा सगळ्यांनी घरचे फोन दिले होते. यंत्राला म्हाताऱ्यांचं बोलणं कळेना म्हणून तुझ्या आबांनाही बसवलं होतंस. काय कण्हायचे! मी टरकले होते."

"यंत्रालासुद्धा 'अहो बाई' म्हणायचे." मिस्त्री सकाळपासून पहिल्यांदा हसला. "अजून गल्लीभर सांगतात, नाटकात काम केलं म्हणून."

दुपारी दुरुस्ती चढवली. चिमणी डबा खायला गेली. आल्यावर मारते दोन-चार कॉल, म्हणाली.

मिस्त्री पडद्याला डोळे लावून बसला. चाचणीचा कॉल उमटला. यंत्राने गाडी निघाल्याचं सांगितलं, कॉल केरात. माणसाकडे काही गेलं नाही. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. सगळे गपागप गिळले.

"घ्या!" मिस्त्रीने मांडीवर थाप मारली.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "जमलं म्हणायचं. एवढ्यासाठी आठवडाभर माझं रक्त आटवलंस होय रे?"

चिमणी ओले हात ओढणीला पुसत आली.

"पुरे गं आता," मिस्त्री म्हणाला. "तिन्ही बरोबर गेले."

"कसले तिन्ही? मी अजून हेडफोन तरी लावलाय का?"

"मग कोणी केले?" साहेबांचा आवाज पुन्हा चढला. "लाव त्या शेवटच्याचं रेकॉर्डिंग. बघू तरी कोण रिकामटेकडा आहे."

मिस्त्रीने बटण दाबलं.

"गाडी निघाली आहे," यंत्र गोड आवाजात म्हणालं.

पलीकडे नुसती धाप. मग शब्द आले, एकेक, तुटत.

"अहो बाई... मघाशीही हेच म्हणालात. आज नाटक नाही हो. खरंच दुखतंय."