डाव्याचा उजवा

घरच्या मशीनवर कोरलेली दारावरची पाटी पाहून सुधाकर गावंडे चक्रावला. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आली होती. शेजारच्या पद्माकरने कंट्रोलरची सेटिंग तपासली.

"अरे, एका अक्षाची दिशा उलटी पडलीय. कधी बदललीस?"

"परवा, मशीनला नवा सर्किट बोर्ड बसवताना."

"त्यानंतर आणखी काय कोरलंस?"

सुधाकरला एकदम आठवलं. हल्ली सगळे घरीच कृत्रिम सांधे कोरतात, तसा त्यानेही काल बायकोसाठी डावा गुडघा कोरला होता. हेमांगी आत्ता ऑपरेशन टेबलावर होती.

तो फोनकडे धावला, तोच फोन वाजला. पलीकडे डॉक्टर होते.

"गावंडे, तुम्ही दिलेला सांधा उजव्या पायाचा निघाला हो! जुना तर आम्ही काढून टाकलाय. दुसरा घेऊन किती वेळात येता?"