अण्णांजवळची आई

"तुमच्या आईंनी जाण्याआधी साठवलेली एकही आठवण आता इथे नाही," स्मृतिकेंद्रातला माणूस नीलांबरीला म्हणाला. "वडिलांनी जुनीच पद्धत ठेवली. तिच्यात आठवण त्यांच्या डोक्यात उतरली की इथली पुसली जाते. नव्या पद्धतीत ती इथेही राहते. तीनदा कळवलं होतं."

नीलांबरीला ठाऊक होतं. दर वेळी अण्णा म्हणायचे, "कशाला? तुझी आई माझ्याजवळच बरी आहे."

"आज सुरू करून देऊ नवी?"

"आता काय ठेवू तिच्यात?" ती वैतागून म्हणाली.

हल्ली सगळंच विसरू लागलेले अण्णा शेजारीच बसले होते. तिने त्यांचा हात धरला. "अण्णा, जाताना आई माझ्याबद्दल काय म्हणाली हो?"

अण्णा अवघडून हसले. "कोणाची आई, बाई?"