आमोसचं उष्टं

ट्रक चालवणाऱ्या आमोसला एड्स झाल्याचं १९९५ च्या नाताळाआधी तुर्भ्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना कळलं. प्रभुभोजनाला सगळे एकाच प्याल्यातून द्राक्षारस घ्यायचे, त्यामुळे त्याच्या शेजारी कोणी गुडघे टेकेना. उष्ट्याने हा रोग होत नाही, असं पाळकांनी दोनदा सांगून पाहिलं. शेवटी आमोसच म्हणाला, "पास्टर, मी सगळ्यांच्या नंतर घेत जाईन. उगाच कोणाला टेन्शन नको."

ईस्टरच्या रविवारी सगळे आपापल्या जागी परतल्यावर तो एकटा पुढे गेला. त्याने गुडघे टेकले, तोच त्याची सासू सलोमीबाई येऊन त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली. बातमी कळली त्याच दिवशी तिने मुलीला, रेबेकाला, ऐरोलीला आपल्या घरी नेलं होतं. तेव्हापासून ती आमोसशी एक शब्द बोलली नव्हती.

"आई, आधी तुम्ही घ्या," आमोस हळूच म्हणाला.

"घे तू. मी तुझ्या मागून घेते."

पाळकांनी प्याला आधी त्याच्या ओठांना लावला, मग तिच्यासमोर धरला. तिने तो दोन्ही हातांनी नीट धरला आणि ती प्यायली.

उपासना संपल्यावर आमोस मान खाली घालून दाराकडे निघाला. सलोमीबाईने त्याला गाठलं.

"कुठे निघालास? घरी चल जेवायला. रेबेकाने तुझंही पान मांडलंय."