मांडीवरची लेक

"आई, वहिनीचा मोबाइल काढून घे," मृण्मयीची नणंद म्हणाली.

जन्मतःच मुलगी गेली, तेव्हापासून मृण्मयी दिवसभर गेममध्ये रंगीत फुगे फोडत बसायची. सासूबाईंनी मोबाइल काही घेतला नाही. चष्मा लावून त्या तिच्याशेजारी बसल्या. "मलाही शिकव गं."

रोज दुपारी दोघी खेळू लागल्या. सासूबाईंचा नेम सारखा चुकायचा. एकदा मृण्मयी खुदकन हसली आणि लगेच रडू लागली.

"आई, खेळताना ती आठवत नाही, म्हणून खेळते. मला शुद्ध आली तोवर तिला नेलं होतं. मी तिला पाहिलंच नाही हो."

सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला.

"मी घेतलं होतं मांडीवर. कपाळ अगदी तुझं होतं."

मृण्मयीने मोबाइल बाजूला सारला. "अजून सांगा ना."