दोन्ही कामं भटकंतीची

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सुमतीबाई महिनाभर घरात बसून होत्या, म्हणून सून केतकीने त्यांना आपल्या ऑनलाइन गेममध्ये ओढलं.

“आई, प्रत्येकाने दोन कामं निवडायची. एक गोळा करायचं, एक बनवायचं. जोडी जुळायला हवी. तुम्ही मासेमारी आणि स्वयंपाक घ्या, सोपं जाईल.”

सुमतीबाईंनी चष्मा पुसून यादी दोनदा वाचली आणि वनौषधी गोळा करणं निवडलं. मग खाणीतून धातू काढणंही निवडलं.

“अहो, दोन्ही गोळा करायचीच कामं झाली. बनवणार कोण?”

“तू. मी चाळीस वर्षं बनवलंय. आता मला हिंडू दे.”

 केतकीने आपली जुनी कामं सोडून काढे करणं आणि लोहारकाम घेतलं. सासूबाई झोळी भरून आणायच्या, सून तलवारी घडवायची.

आठवड्याने एका संध्याकाळी मुलगा निशांत ऑफिसातून आला. दोघी लॅपटॉपसमोर होत्या, स्वयंपाकघरात अंधार होता. “आई, जेवायला काय आहे?”

“मी उत्तरेच्या डोंगरात आहे आणि केतकी भट्टीपाशी,” सुमतीबाई स्क्रीनवरची नजर न हटवता म्हणाल्या. “घरात तू एकटाच आहेस. कुकर लाव.”