मुद्द्याचं तेवढंच

दातांच्या कॉलेजात सरांची सगळी हयात शिकवण्यात गेली. म्हणून अक्कलदाढ ठणकू लागली तेव्हा ती आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याकडून काढून घ्यायची, असं त्यांनी मोठ्या मनानं ठरवलं. दवाखान्याच्या खुर्चीत टेकले आणि बघतात तर समोर त्यांचा सगळ्यांत लाडका पठ्ठ्या! पहिल्या बाकावर मान खाली घालून नोट्स काढणारा.

"सर, तुम्ही? माझं भाग्यच उजळलं!" आनंदाच्या भरात त्यानं हिरडीत सुई टोचूनही टाकली. "तुमच्या नोट्स अजून तोंडपाठ आहेत, सर. तुम्हीच सांगायचात ना, पाल्हाळ नको, परीक्षेला येईल तेवढंच उतरवा?"

सरांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. पठ्ठ्यानं एक्स-रे उजेडात धरला.

"सर, ही आडवी उगवलीय. नसेला खेटून."

"मग काढ की," सर म्हणाले. ओठ जरा जड वाटत होता.

"आडव्या दाढेचा धडा आला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, हा परीक्षेला येत नाही, पेनं खाली ठेवा."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"घाबरू नका, सर." पठ्ठ्यानं कोरा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "तुम्ही आत्ता सांगा. शब्दन् शब्द लिहून घेतो."

सरांनी जिवाच्या आकांतानं तोंड उघडलं. जीभ बधिर झाली होती.