ओट्याची शुद्धी

हैदराबादच्या कॉलेजात जायचं तर उर्दू व्याकरणाचा पेपर सुटायला हवा. म्हणून आमच्या रेणुकादासला शिकवायला मौलवीसाहेब रोज नांदेडच्या घरी येत. ते ओट्यावर बसत, रेणुकादास उंबऱ्याच्या आत.

"घरात उर्दू शिकून राहिलात, धर्म बुडवता काय?" म्हणत शेजारचे ढुंढिराजशास्त्री नंतर गोमूत्र शिंपडून ओटा शुद्ध करत. एक दिवस चुकवला नाही. उलट शिकवणीआधीच येऊन, तांब्या घेऊन भिंतीआड बसत. म्हणत, "मौलवी उठले की लगेच शिंपडलेलं बरं."

रेणुकादास व्याकरणात नापास झाला. आता निदान कारकुनीसाठी कचेरीत उर्दूत अर्ज द्यायचा होता.


तो शास्त्रीबुवांनी एका बैठकीत, झोकात लिहून दिला आणि मग गोमूत्रानं हात धुतले.